इंग्रजीच्या वर्गातील आयर्लंड : स्थलदर्शन, संस्कृती आणि भाषेचा विसर

प्रस्तावना

भाषा ही संस्कृतीची वाहक असते, हे विधान भाषाध्यापनाच्या क्षेत्रात आता सर्वमान्य झाले आहे. परकी भाषा शिकविताना केवळ व्याकरण आणि शब्दसंग्रह पुरेसा ठरत नाही. ती भाषा ज्या समाजात बोलली जाते त्या समाजाची ओळख विद्यार्थ्याला व्हावी लागते. या भूमिकेतूनच इंग्रजीच्या वाचनपाठांमध्ये देशपरिचयाचा पाठ रूढ झाला. अशा पाठांत आयर्लंडला आवर्जून स्थान मिळते. हिरवा निसर्ग, समुद्रावरचे कडे, संत पॅट्रिकचा उत्सव, लोकसंगीत आणि यीट्स (१९२३), शॉ (१९२५), बेकेट (१९६९) व हीनी (१९९५) हे चार नोबेल पारितोषिक विजेते साहित्यिक इतकी सामग्री एका लहान देशाकडून सहज मिळते. जानेवारी २०२०च्या अखेरीस ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर इंग्रजीला राजभाषेचा दर्जा असलेले आयर्लंड आणि माल्टा हे दोनच देश संघात उरले. त्यामुळे इंग्रजी शिकण्याचे ठिकाण म्हणूनही आयर्लंडचे महत्त्व वाढले आहे.

असे असले तरी या देशाचा परिचय इंग्रजी शिकणाऱ्याला कोणत्या दृष्टीने करून दिला जातो, याची चिकित्सा फारशी होत नाही. आयर्लंड हा इंग्रजी बोलणारा देश आहे, हे या पाठांत गृहीत धरलेले असते. तो इंग्रजी बोलणारा देश कसा झाला, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. वस्तुतः भाषा शिकणाऱ्याला आयर्लंडकडून शिकण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ती वगळल्याने पाठ अपुरा राहतो, आणि प्रेक्षणीय स्थळांचे वर्णनही अर्थहीन होते. हा मुद्दा काही स्थळांच्या आधारे तपासणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

देशपरिचयाच्या पाठाचा प्रचलित साचा

या प्रकारच्या पाठाचा साचा अध्यापकांच्या परिचयाचा आहे. आरंभी देशाचे स्थान, राजधानी, ध्वज आणि चलन यांची माहिती येते. त्यानंतर पाच-सहा प्रेक्षणीय स्थळांचे प्रत्येकी एक परिच्छेदाचे वर्णन असते. शेवटी सण, खाद्यपदार्थ, नृत्य यांची नोंद आणि 'चूक की बरोबर' स्वरूपाचे प्रश्न. या साच्याचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. प्राथमिक पातळीवरील विद्यार्थ्याला विशेषणे, तरतमभाव, दिशा व अंतरे यांचा सराव त्यातून मिळतो. मोहरचे कडे समुद्रसपाटीपासून सुमारे २१४ मीटर उंच आहेत, न्यूग्रेंजची दगडी समाधी इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० वर्षांची म्हणजे इजिप्तच्या गिझा येथील पिरॅमिडांहून जुनी आहे, ही वाक्ये भाषेच्या सरावासाठी उत्तम आहेत.

दोष आहे तो निवडीत नव्हे, तर मांडणीत. प्रत्येक स्थळ सुटे आणि मूक होऊन येते. तेथे कोण राहत होते, ते त्या जागेला काय म्हणत आणि आज ती वेगळ्या नावाने का ओळखली जाते, याचा मागमूस पाठात नसतो. परिणामी आयर्लंड हा माणसांचा देश न राहता भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील चित्रांसारखा होतो.

या मांडणीचा एक गंभीर परिणाम 'जायंट्स कॉजवे'च्या बाबतीत दिसतो. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेले, बहुतांशी षट्कोनी असे जवळजवळ ४० हजार बेसॉल्ट स्तंभ येथे आहेत, आणि १९८६ साली युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला. फिन मॅककूल या महाकाय वीराने समुद्र ओलांडण्यासाठी हा मार्ग बांधला, ही दंतकथाही पाठात असते. परंतु हे स्थळ अँट्रिम परगण्यात, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये, पर्यायाने युनायटेड किंगडमच्या हद्दीत आहे, याचा खुलासा पुष्कळदा राहून जातो. १९२१ साली झालेली फाळणी आणि १९९८चा गुड फ्रायडे करार यांचा एका वाक्यातही उल्लेख न करता डब्लिन आणि अँट्रिम ही एकाच देशातील ठिकाणे म्हणून दाखविणे म्हणजे विद्यार्थ्याला चुकीचा नकाशा हाती देणे होय. फाळणीची झळ सोसलेल्या उपखंडातील विद्यार्थ्याला एवढे एक वाक्य जड जाईल, असे मानण्याचे कारण नाही.

स्थळनामे : दुर्लक्षित शब्दसंग्रह

आयर्लंडच्या रस्त्यांवरील दिशादर्शक फलक द्विभाषिक असतात. वरच्या ओळीत तिरप्या अक्षरांत आयरिश नाव आणि खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजी नाव लिहिलेले असते. देशपरिचयाच्या पाठाने फक्त खालची ओळ वाचली आहे. वरची ओळ वाचली की प्रत्येक स्थळ बोलू लागते.

डब्लिन हे नाव 'काळा डोह' या अर्थाच्या आयरिश शब्दांवरून आले आहे. परंतु आयरिश भाषक या शहराला त्या नावाने ओळखत नाहीत. त्यांचे नाव 'बाल्य आहा क्लिअ' असे असून त्याचा अर्थ 'कुडाच्या उताराचे गाव', म्हणजे नदी ओलांडण्यासाठी विणलेल्या फांद्या अंथरल्या होत्या त्या जागेचे गाव, असा होतो. ग्लेंडालॉख म्हणजे 'दोन तळ्यांची दरी'. सहाव्या शतकातील संत केव्हिन यांच्या मठाचे अवशेष आणि सुमारे तीस मीटर उंचीचा गोल मनोरा तेथे आहे. नाव समजले की विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर त्या जागेची रचनाच उभी राहते. किल्डेर म्हणजे 'ओक वृक्षाचे चर्च', डेरी म्हणजे 'ओकची राई'. मोहर हा शब्दही पडक्या किल्ल्यासाठी असलेल्या जुन्या आयरिश शब्दावरून आला आहे. म्हणजे आज केवळ निसर्गदृश्य म्हणून दाखविल्या जाणाऱ्या कड्यांच्या नावात मानवी वस्तीची खूण शिल्लक आहे.

पिंपळगाव, वडगाव, आंबेगाव या नावांत वावरलेल्या मराठी विद्यार्थ्याला झाडांवरून पडलेली गावांची नावे नवी नाहीत. इंग्रजी लिप्यंतरात नावाचा अर्थ कसा हरवतो, हेही तो जाणतो. मुंबईतील 'शीव' म्हणजे सीमा. 'सायन' या उच्चारात ती सीमा उरत नाही. आयर्लंडमध्ये हीच प्रक्रिया संपूर्ण देशभर घडली. त्याचे एक बोलके उदाहरण म्हणजे 'किल' हे अक्षरद्वय. आयरिशमध्ये चर्च आणि वन यांसाठी दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजी लेखनात ते दोन्ही पुष्कळदा 'किल' असेच झाले. त्यामुळे केवळ इंग्रजी नावावरून त्या गावी पूर्वी प्रार्थनास्थळ होते की जंगल, हे सांगता येत नाही. भाषांतरात काय गमावले जाते हे समजावून देण्यासाठी याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण आहे.

या नामांतरामागे इतिहास आहे. १८२४ साली ब्रिटिश शासनाने आयर्लंडचे सविस्तर भूमापन सुरू केले. नकाशांवर गावांची नावे इंग्रजी वर्णांत निश्चित करण्यासाठी जॉन ओडोनोव्हन यांच्यासारखे आयरिशचे जाणकार अभ्यासक नेमण्यात आले. या घटनेवर ब्रायन फ्रील यांनी 'ट्रान्सलेशन्स' हे नाटक लिहिले. त्याचा पहिला प्रयोग १९८० साली डेरी येथे झाला. नाटकातील गावकरी आयरिश बोलतात असे मानलेले आहे, परंतु रंगमंचावर ऐकू येते ती इंग्रजीच. प्रेक्षकाला आयरिश पात्रे समजावीत म्हणून ती भाषा नाहीशी करावी लागते, हा या नाटकाचा खरा आशय आहे. नाटक आणि इतिहास एकच नव्हेत. प्रत्यक्ष भूमापनाने नावांची मूळ रूपे नोंदवून ठेवण्याचे मोलाचे कामही केले. तथापि, स्थलदर्शनाचा पाठ शिकविणाऱ्या अध्यापकाने हे नाटक वाचलेले असावे, असे निश्चित म्हणता येईल.

भाषांतरणाचा नव्हे, भाषात्यागाचा इतिहास

आयर्लंडमधील इंग्रजीचा प्रसार हा एका आदेशाने घडलेला नाही. १८३१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय शाळांत शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. आयरिश शब्द उच्चारणाऱ्या मुलाच्या गळ्यात काठी अडकवून प्रत्येक शब्दागणिक तिच्यावर खाच पाडण्याची प्रथा काही भागांत होती; आणि तिला अनेकदा पालकांचीही संमती असे. व्यापार, न्यायालय, नोकरी आणि स्थलांतर या चारही ठिकाणी इंग्रजीच उपयोगी पडणार, हे त्यांना दिसत होते.

१८४५ साली बटाट्यावर पडलेल्या रोगामुळे दुष्काळाला आरंभ झाला. त्यात सुमारे दहा लाख माणसे मृत्यू पावली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली. १८४१ साली ८१ लाखांहून अधिक असलेली लोकसंख्या १८५१ साली सुमारे ६५ लाखांवर आली. दुष्काळाचा सर्वाधिक फटका पश्चिमेकडील गरीब, आयरिश बोलणाऱ्या भागाला बसला. १८५१च्या जनगणनेत भाषेची नोंद प्रथमच झाली, तेव्हा आयरिश जाणणारे सुमारे पंधरा लाख, म्हणजे लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. पर्यटक ज्या निर्जन हिरव्या टेकड्यांचे कौतुक करतो, त्यांपैकी अनेक टेकड्या निर्जन का झाल्या, याचे उत्तर या आकड्यांत आहे. डब्लिनमधील नदीकाठी १९९७ साली उभारलेली रोवन गिलेस्पी यांची दुष्काळपीडितांची शिल्पे आणि रॉसकॉमन परगण्यातील स्ट्रोक्सटाउन येथील राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय ही दोन स्थळे म्हणूनच पाठात असणे आवश्यक वाटते.

पुढे १८९३ साली डग्लस हाइड आणि इओन मॅकनील प्रभृतींनी गेलिक लीगची स्थापना करून भाषेच्या पुनरुज्जीवनाचा प्रयत्न केला. हेच हाइड १९३८ साली देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९३७च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या आणि इंग्रजीला दुसऱ्या राजभाषेचे स्थान दिले. तथापि घटनेतील स्थान आणि घरातील स्थान यांत अंतर असते. २०२२च्या जनगणनेत सुमारे १८.७ लाख लोकांनी आपणास आयरिश बोलता येते असे सांगितले. शिक्षणव्यवस्थेबाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच होते. उत्तर आयर्लंडमध्ये आयरिशला अधिकृत मान्यता देणारा कायदा तर २०२२ साली झाला.

डिंगलचा वाद : पर्यटन आणि भाषा यांचा संघर्ष

पर्यटनाचा आणि भाषेचा संबंध केवळ ऐतिहासिक नाही, हे केरी परगण्यातील डिंगल या गावाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. डिंगल हे आयरिश भाषक प्रदेशात, म्हणजे गेलताख्तमध्ये मोडणारे बंदर आणि लोकप्रिय पर्यटनस्थळ आहे. २००५ साली अमलात आलेल्या स्थळनाम आदेशानुसार गेलताख्तमधील इंग्रजी नावांचे कायदेशीर स्थान गेले आणि फलकांवर 'अन दँगन' एवढेच आयरिश नाव उरले. त्याला स्थानिकांनी विरोध केला. जगभरातील पर्यटक 'डिंगल' या नावाने गाव शोधतात, तेव्हा फलकावरून ते नाव गेले तर व्यवसायाचे नुकसान होईल, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय ऑफली परगण्यातही त्याच नावाचे गाव असल्याने गोंधळ होण्याचा संभव होता. २००६ साली घेतलेल्या जनमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी 'डिंगल' आणि 'दँगन ई खूश' या दुहेरी नावाला कौल दिला. पुढे २०११ साली कायद्याने हा प्रश्न मिटविला.

या वादात एक बाजू भाषाप्रेमाची आणि दुसरी व्यापाराची, असे सोपे वर्गीकरण करता येत नाही. विरोध करणाऱ्यांना आयरिश नाव नको होते असे नाही. त्यांना त्यांच्या माहितीचे पूर्ण आयरिश नाव आणि जगाच्या माहितीचे इंग्रजी नाव ही दोन्ही हवी होती. नावाचा अधिकार शासनाचा, पर्यटकाचा की तेथे राहणाऱ्याचा, हा प्रश्न १९९५ साली मुंबईचे नाव अधिकृतपणे बदलले त्या राज्यातील विद्यार्थ्यांनी वर्गात चर्चेला घ्यावा असाच आहे. इंग्रजीतून मतप्रदर्शन करण्याचा याहून चांगला सराव 'चूक की बरोबर' प्रश्नांतून होणार नाही.

आयरिश इंग्रजीचे स्थान

आयरिश समाजाने इंग्रजीचा केवळ स्वीकार केला असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. त्याने ती भाषा आपल्या वळणाने घडविली. आयर्लंडमध्ये 'आय अॅम आफ्टर ईटिंग' असे कोणी म्हणाले, तर नियमांच्या आधारे अर्थ लावणारा विद्यार्थी बोलणाऱ्याला जेवायचे आहे असे समजेल. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'मी नुकताच जेवलो आहे' असा आहे. ही रचना आयरिश व्याकरणातून इंग्रजीत उतरली आहे. आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' यांसाठी स्वतंत्र शब्द नाहीत. उत्तर क्रियापदानेच दिले जाते. 'जेवलास का?' या प्रश्नाला 'जेवलो' असे उत्तर देणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ही लकब लगेच ओळखीची वाटेल.

याउलट पर्यटकांपुढे आयरिशपणाची खूण म्हणून सर्वाधिक मिरवला जाणारा 'क्रॅक', म्हणजे गप्पा-गंमत, हा शब्द मुळात स्कॉट्स व उत्तरेकडील इंग्रजीतून आला; त्याला आयरिश वर्णलेखन विसाव्या शतकात मिळाले. जेम्स जॉइस यांच्या 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अॅज अ यंग मॅन' (१९१६) या कादंबरीत नरसाळ्यासाठी वापरलेल्या एका शब्दावरून नायक आणि त्याच्या महाविद्यालयातील इंग्रज अधिष्ठाता यांच्यात झालेला संवाद प्रसिद्ध आहे. अधिष्ठात्याला तो शब्द आयरिश वाटतो. नायक नंतर तपासून पाहतो तेव्हा तो अस्सल जुना इंग्रजी शब्द निघतो. भाषा कोणाच्या मालकीची, हा प्रश्न दुसऱ्याची भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाचा असतो, आणि आयरिश साहित्य त्याचे उत्तर आत्मविश्वासाने देते.

मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने

आयर्लंड मराठी वाचकाला वाटते तितके दूर नाही. १८८० साली मेयो परगण्यात जमीनदाराचे कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट यांच्याशी कुळांनी आणि गावकऱ्यांनी सर्व व्यवहार तोडले, तेव्हा त्यांच्या आडनावावरून इंग्रजीला एक नवे क्रियापद मिळाले. १९०५ नंतर लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीतील 'बहिष्कार' हे त्याच कल्पनेचे भारतीय रूप होय. टिळकांनी १९१६ साली बेळगाव येथे स्थापन केलेल्या होमरूल लीगचे नावही आयरिश चळवळीचे स्मरण देते. मराठीसह भारतीय भाषांचे सर्वेक्षण सिद्ध करणारे जॉर्ज ग्रिअर्सन हे डब्लिन परगण्यात जन्मले होते. भारतीय राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वे आयरिश राज्यघटनेवरून प्रेरित आहेत. डब्लिनमध्ये जन्मलेल्या शॉ यांचे 'पिग्मॅलियन' १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' या रूपात मराठी रंगभूमीवर आणले. उच्चारावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या समाजावरची ती टीका मराठी प्रेक्षकाला परकी वाटली नाही. 'जायंट्स कॉजवे'सारखेच बेसॉल्टचे स्तंभ अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर आहेत. अशा दुव्यांतून पाठ सुरू केल्यास परका देश ओळखीच्या दारातून वर्गात येतो.

संभाव्य आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, प्राथमिक पातळीच्या विद्यार्थ्याला इतका इतिहास झेपणार नाही. हा आक्षेप काही अंशी मान्य करावा लागेल. तथापि येथे सुचविलेला बदल पाठ लांबविण्याचा नसून त्याचा आरंभबिंदू बदलण्याचा आहे. 'टेकडी', 'दरी', 'तळे', 'गाव', 'किल्ला' हे शब्द प्राथमिक शब्दसंग्रहातलेच आहेत. ते स्थळनामांतून शिकविता येतात. दुसरा आक्षेप असा की, पर्यटनाचा पाठ आनंददायी असावा, त्यात दुष्काळ आणि भाषात्याग आणू नये. परंतु आयरिश समाजाने स्वतःच आपल्या वेदनांची स्मारके पर्यटकांसाठी खुली केली आहेत. १९१६च्या उठावातील चौदा नेत्यांना ज्या किल्मेनम तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या, तो आज डब्लिनमधील महत्त्वाचे प्रेक्षणीय स्थळ आहे. यजमान जे दाखवू इच्छितो ते पाहुण्याने टाळणे, याला आनंद म्हणता येत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

१) इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या प्रचलित देशपरिचयात आयर्लंडची स्थळे येतात, परंतु त्या स्थळांची भाषा येत नाही.

२) स्थळनामांचा अर्थ हा आयरिश संस्कृतीत प्रवेश करण्याचा सर्वांत सोपा आणि भाषाध्यापनाला सर्वांत पूरक मार्ग आहे.

३) उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांतील भेद स्पष्ट न करणारा पाठ माहितीच्या दृष्टीनेही सदोष ठरतो.

४) डिंगलसारखी उदाहरणे चर्चा व लेखन या कौशल्यांसाठी अधिक उपयुक्त आहेत.

५) आयरिश इंग्रजीच्या परिचयातून इंग्रजीची एकाहून अधिक प्रमाण रूपे असू शकतात, याची जाणीव विद्यार्थ्याला होते.

इंग्रजी ही संधीची भाषा आहे, म्हणून ती शिकावी, हे भारतीय पालकांचे म्हणणे एकोणिसाव्या शतकातील आयरिश पालकांच्या म्हणण्याहून वेगळे नाही. ते चूकही नव्हते. मात्र नवी भाषा शिकण्यासाठी जुनी सोडण्याची गरज नव्हती, हे आयरिश समाजाला पुढील पिढ्यांत उमगले, आणि सोडलेली भाषा परत घरात आणण्याचे त्याचे परिश्रम शतकाहून अधिक काळ चालू आहेत. मराठी घरातून येऊन इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली भाषा अजून त्याच्यापाशी आहे. आयर्लंडच्या द्विभाषिक फलकावरील वरची ओळ त्याला वाचून दाखविणे, हे म्हणूनच इंग्रजीच्या अध्यापकाचे काम आहे.